रेघेखालचा मजकूर : ‘फयतों’ आणि त्याच्या भाऊबंदांचे मराठीत काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोपातल्या निरनिराळ्या भाषांतील कथा, आठवणी आणि पत्रे यांच्या एका संग्रहाचा आपण मराठी अनुवाद करत आहात आणि त्यात एकच शब्द चार ठिकाणी चार रूपांनी आला आहे. जर्मन आठवणींतले गृहस्थ फ्रांकफुर्टच्या एका दैनिकाच्या ‘फयतों’मध्ये नोकरीला लागतात. रशियन कथेतला दुकानाचा व्यवस्थापक ‘आपल्यावर फेल्येतोन येईल’ या धास्तीने रात्रभर झोपत नाही. पोलिश लेखिका दर शुक्रवारी आपला ‘फेलियेतोन’ संपादकांकडे पाठवते, आणि डॅनिश पत्रातल्या बाई कळवतात की धाकट्या बहिणीच्या घटस्फोटाची ‘फोल्येतों’ अजून चालूच आहे. कोशात आपल्याला ‘वर्तमानपत्रातील क्रमशः कथा’ असा अर्थ सापडला, तो चारांपैकी एका ठिकाणी कसाबसा बसतो, आणि म्हणून चारही ठिकाणी चालेल असा एखादा मराठी शब्द आपण विचारता आहात.

असा शब्द नाही, आणि तो शोधण्यात मीही उमेदीची काही वर्षे घालवली आहेत. जर्मन आणि रशियनमधून अनुवाद करू लागण्यापूर्वी मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत काम करत होते, त्यामुळे वर्तमानपत्राच्या पानाची भाषा आपल्याला येते असा माझा समज होता. पहिल्याच रशियन कथेत मी ‘फेल्येतोन’चा ‘ललित लेख’ करून टाकला. त्या कथेतला कारखान्याचा संचालक सकाळी पेपर उघडतो, स्वतःवरचा ललित लेख वाचतो आणि पांढराफटक पडतो. पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाने मला विचारले, की त्या लेखात एवढे काय लालित्य होते. प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हते.

अडचण अशी आहे की हा शब्द मुळात कोणत्याही लेखनप्रकाराचे नाव नव्हता. ते वर्तमानपत्राच्या पानावरच्या एका जागेचे नाव होते. आपल्या धंद्यात जागेचे नाव मजकुराला चिकटणे काही नवे नाही. अग्रस्थानी येतो म्हणून अग्रलेख, रेघांनी वेढलेली म्हणून चौकट. आणि इंग्रजी दैनिकांच्या संपादकीय पानावर मधोमध येणाऱ्या हलक्याफुलक्या लेखाला आपल्याकडचे पत्रकार ‘मिडल’ म्हणतात. आता एखाद्या परदेशी अनुवादकाने कोश उघडून या ‘मिडल’चे ‘मध्य’ केले, तर जे होईल तेच फयतोंचे आपल्या कोशांत झाले आहे. फरक इतकाच, की फयतोंच्या जागेत वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे भाडेकरू राहिले, आणि प्रत्येक भाषेने आपल्याकडे जो भाडेकरू टिकला त्यालाच घराचे नाव देऊन टाकले.

मूळ फ्रेंच आहे. ‘फय’ म्हणजे झाडाचे पान आणि कागदाचे पानही. ते लॅटिन ‘फोलियुम’वरून आले. त्याचे लघुरूप ‘फये’ आणि त्याचेही लघुरूप ‘फयतों’, म्हणजे अगदी चिमुकले पान म्हणावे असे. आपल्याला हे सहज उमजावे, कारण आपल्या ‘वर्तमानपत्रा’तले ‘पत्र’ही संस्कृतात आधी झाडाचेच पान होते, आणि जर्मनमध्येही ‘ब्लाट’ हा एकच शब्द झाडाचे पान, कागद आणि वर्तमानपत्र यांना चालतो. पुस्तकबांधणीच्या धंद्यात ‘फयतों’ हा शब्द आधीपासून होता, पण पत्रकारितेत त्याचा जन्म झाला तो १८०० साली, पॅरिसच्या ‘जुर्नाल दे देबा’ या दैनिकात. बेर्तँ बंधूंनी हे पत्र विकत घेतल्यावर त्याबरोबर नाटकांच्या जाहिराती, परीक्षणे, कोडी, फॅशनच्या वार्ता असा किरकोळ मजकूर जोडपानावर देण्यास सुरुवात केली. लवकरच हे जोडपान जाऊन त्याऐवजी मुख्य पानाच्याच खालच्या भागात एक आडवी जाड रेघ मारली गेली. रेघेच्या वर राजकारण आणि रेघेखाली फयतों, अशी ती वाटणी होती. फ्रेंच पत्रकार या खालच्या भागाला ‘रे-द-शोसे’ म्हणजे तळमजला म्हणत. वर मालकाचे बिऱ्हाड आणि खाली रस्त्यालगत दुकाने असलेला वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या नावाची गंमत वेगळी सांगायला नको.

साल १८०० का, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत नेपोलियनने एका हुकमाने पॅरिसमधली राजकीय वर्तमानपत्रे ७३ वरून १३ वर आणली. जी उरली त्यांना रेघेच्या वर सरकारच्या मर्जीपलीकडे फारसे काही लिहिता येत नव्हते, त्यामुळे वाचकाला धरून ठेवण्याचे काम तळमजल्यावर आले. तिथे ज्यूलिएँ-लुई जोफ्रवा हा नाट्यसमीक्षक १८१४ मध्ये मरेपर्यंत लिहीत राहिला आणि बरेच वाचक आधी त्याचाच मजकूर वाचत. तेव्हा पहिला भाडेकरू कादंबरी नव्हती, नाट्यसमीक्षा होती. आपल्या कोशातल्या ‘क्रमशः कथे’ला इथे अजून जागाच मिळालेली नाही.

ती जागा १८३६ मध्ये मिळाली. त्या वर्षी १ जुलैला एमिल द जिरार्दँ याने ‘ला प्रेस’ हे दैनिक काढले आणि वार्षिक वर्गणी ठेवली ४० फ्रँक, म्हणजे इतरांच्या निम्मी. उरलेला खर्च जाहिरातींतून काढायचा, जाहिरातींसाठी खप हवा आणि खपासाठी वाचकाला उद्याचा अंक घ्यायला भाग पाडणारे काहीतरी हवे, असा हा हिशेब होता. त्याच शरद ऋतूत बाल्झाकची एक कादंबरी ‘ला प्रेस’मध्ये १२ हप्त्यांत आली, आणि मग धरण फुटावे तसे झाले. १८४२-४३ मध्ये अजेन स्यूच्या पॅरिसच्या गूढकथांनी ‘जुर्नाल दे देबा’चा तळमजला गाजवला, १८४४ मध्ये ‘ल कोंस्तित्युस्योनेल’ या पत्राने त्याच्या पुढच्या कादंबरीसाठी एक लाख फ्रँक मोजले, त्याच वर्षी अलेक्सांद्र द्यूमाचे तीन शिलेदार ‘ल स्येक्ल’मध्ये हप्त्याहप्त्याने दौडत होते. या प्रकाराला ‘रोमाँ-फयतों’ म्हणजे फयतोंमधली कादंबरी असे जोडनाव होते, आणि जोडनाव लांब पडते म्हणून लोक नुसते ‘फयतों’ म्हणू लागले. सरकारलाही त्याची इतकी धास्ती वाटली, की १८५० च्या जुलैमधल्या कायद्याने फयतों-कादंबरी छापणाऱ्या वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर एक सांतीमचा, म्हणजे फ्रँकच्या शंभराव्या भागाचा, जादा कर बसला. आजच्या फ्रेंचमध्ये ‘फयतों’ म्हणजे बहुधा दूरचित्रवाणीवरची मालिका, किंवा न संपणारे एखादे न्यायालयीन वा राजकीय प्रकरण.

दक्षिणेकडच्या भाषांनी हाच कादंबरीवाला अर्थ उचलला, आणि शब्द मात्र आपापल्या घरातला वापरला. स्पॅनिशमध्ये ‘फोयेतीन’, इटालियनमध्ये ‘आपेंदीचे’ म्हणजे परिशिष्ट, पोर्तुगीजमध्ये ‘फोल्येतीं’. स्पॅनिशमध्ये या नामावरून झालेले विशेषण ‘रडके, अतिरंजित, योगायोगांनी भरलेले’ या अर्थाने वापरतात, तेव्हा ते भेटल्यास वर्तमानपत्राचा विचारही करू नका. पोर्तुगीज ‘फोल्येतीं’ ब्राझीलमध्ये फोफावली; जुझे द आलेंकारची ‘ओ ग्वारानी’ ही कादंबरी १८५७ मध्ये रिओच्या एका दैनिकात अशीच आली. हा प्रकार आपल्या अंगणापर्यंतही पोहोचला होता. फ्रान्सिस्कु जुआंव द कॉश्त यांनी ‘जिप’ या टोपणनावाने गोव्यातल्या ख्रिस्ती उच्चभ्रूंची खिल्ली उडवणारी ‘जाकोब ई दुल्से’ ही कथा मडगावच्या ‘उल्त्रामार’ या पोर्तुगीज पत्रात क्रमशः लिहिली आणि १८९६ मध्ये तिचे पुस्तक झाले. मराठीत तोवर हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून येऊ लागल्या होत्या, त्यामुळे ‘क्रमशः’ हा शब्द आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. या गटातल्या भाषांचा अनुवाद म्हणूनच सर्वांत सोपा.

डॅनिश आणि स्वीडिश भाषांचे प्रकरण मला नेहमी फार नीटनेटके वाटते. त्यांनी फ्रेंचमधून दोन शब्द घेतले. हप्त्यांच्या कथेला ‘फोल्येतों’, स्वीडिशमध्ये ‘फोल्येतोंग’; आणि लेखकाने वाचकाशी गप्पा माराव्यात तशा लिहिलेल्या छोट्या लेखाला ‘कोझेरी’, म्हणजे फ्रेंचमधली ‘कोझरी’, गप्पागोष्टी. एकाच तळमजल्यावरच्या दोन भाडेकऱ्यांना त्यांनी दोन स्वतंत्र दारे करून दिली. त्यामुळे तिथे ‘फोल्येतों’चा अर्थ ललित लेख असा चुकूनही होत नाही. लाक्षणिक अर्थ मात्र फ्रेंचसारखाच आहे: संपता न संपणारे प्रकरण. आपल्या पत्रातल्या बाईंच्या तोंडी तोच आहे.

जर्मनमध्ये गोष्ट उलटी झाली. जर्मनांनी हप्त्यांच्या कादंबरीला स्वतंत्र जर्मन शब्द तयार केला आणि ‘फयतों’ हे नाव जोफ्रवाच्या मूळ परंपरेकडेच ठेवले. रेघही ठेवली, ‘उंटर डेम श्ट्रिख’, म्हणजे रेघेखाली, हा वाक्प्रयोग त्या मजकुराचे दुसरे नावच झाला. पॅरिसमध्ये राहून जर्मन वर्तमानपत्रांना लिहिणाऱ्या हाइनरिश हाइन आणि लुडविश ब्योर्न यांच्यामुळे तिथे एक सैल, मिश्कील, स्वतःला मध्ये आणणारी शैली रुजली. व्हिएन्नात १८६४ मध्ये निघालेल्या ‘नॉये फ्राये प्रेसे’ने तिला प्रतिष्ठेच्या शिखरावर नेले. या दैनिकाचा फयतों पहिल्याच पानावर रेघेखाली सुरू होई, आणि तिथे नाव छापून येणे ही लेखकाची मुंज समजली जाई. थिओडोर हेर्झल, ज्याला आपण ज्यू राष्ट्रवादाचा प्रणेता म्हणून ओळखतो, तो पोटापाण्यासाठी या फयतोंचा संपादक होता, आणि पुढे नामांकित लेखक झालेल्या तरुण श्टेफान झ्वाइगचा लेख त्यानेच स्वीकारला होता. दुसऱ्या बाजूला व्हिएन्नाचाच उपहासकार कार्ल क्राउस याने १९१० मध्ये हाइन आणि त्याच्या वारशावर लिहिताना या शैलीची सालटी काढली; फयतों लिहिणे म्हणजे टकलावर कुरळ्या बटा वळवणे, असे त्याचे म्हणणे होते. जर्मन प्राध्यापक आजही एखाद्या ग्रंथाला ‘फयतोंवजा’ म्हणतात, तेव्हा ती स्तुती नसते.

पुढे रेघ गेली, आणि आजच्या जर्मन दैनिकात ‘फयतों’ म्हणजे एक अख्खा विभाग असतो: पुस्तके, नाटक, संगीत, चित्रपट, आणि त्याबरोबरच विचारांचे वादही. हा शेवटचा भाग मराठी अनुवादात हटकून गळतो. नाझी गुन्ह्यांकडे इतिहासकारांनी कसे पाहावे यावरचा १९८६ चा मोठा वाद एर्न्स्ट नोल्टे यांच्या ज्या लेखाने पेटला, तो ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’च्या फयतोंमध्येच आला होता. त्यामुळे ‘मनोरंजन पुरवणी’ असे भाषांतर मला कधीही पटत नाही. एक अनुवाद तपासताना ‘त्या मनोरंजन पुरवणीतील लेखाने देशाचा अंतरात्मा ढवळून निघाला’ असे वाक्य माझ्यासमोर आले होते. अनुवादकाची चूक नव्हती, कोशात तसेच होते.

चेक प्रदेश आणि पोलंडचा काही भाग हे व्हिएन्नाच्या सावलीत होते, पण तिथे विभाग न टिकता लेख टिकला. पोलिश ‘फेलियेतोन’ म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या सहीने येणारा, मताचा आणि मिजाशीचा छोटा लेख. कादंबरीकार बोलेस्वाव प्रुस याने तेव्हा रशियाच्या अमलाखाली असलेल्या वॉर्साच्या दैनिकांतून वर्षानुवर्षे असे साप्ताहिक लेखन केले, आणि ते रशियन सेन्सॉरच्या नजरेखाली, म्हणजे आडून बोलण्याची सवय त्या प्रकारात मुरलेली आहे. पोलंडमध्ये नभोवाणीवर वाचला जाणारा असा लेखही ‘फेलियेतोन’च असतो, कागदही नाही आणि रेघही नाही. चेक ‘फेयेतोन’ची कहाणी आणखी पुढची. लेखक यान नेरुदा ‘नारोद्नी लिस्ती’ या दैनिकात लेखाखाली छोटा त्रिकोण काढून सही करत असे, आणि तो त्रिकोण वाचकांना नावापेक्षा ओळखीचा होता. शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकात, कम्युनिस्ट राजवटीने बंदी घातलेला लेखक लुडविक वात्सुलीक आणि त्याचे मित्र टंकलेखन यंत्रावर कार्बन घालून फेयेतोन लिहीत आणि हातोहात फिरवत. वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यावरून ज्याचे नाव पडले तो प्रकार वर्तमानपत्राशिवाय जगला. माझ्या मते या शब्दाच्या सगळ्या प्रवासात याहून नवलाची गोष्ट नाही.

आता रशियन, जिथे मी स्वतः पडले. सुरुवातीला तिथेही फेल्येतोन म्हणजे शहरातल्या फेरफटक्याच्या गप्पाच होत्या. तरुण दस्तयेव्स्कीने १८४७ मध्ये पीटर्सबर्गच्या एका दैनिकात असे चार-पाच लेख लिहिले आहेत. पण क्रांतीनंतर या जागेत एक वेगळाच भाडेकरू शिरला. १९२० च्या दशकात मॉस्कोतल्या ‘गुदोक’ या रेल्वे कामगारांच्या पत्रात बुल्गाकोव, इल्फ, पेत्रोव अशी मंडळी कामगारांनी पाठवलेल्या तक्रारींवरून उपहासाचे लेख लिहीत: या स्थानकावर दिवे नाहीत, त्या डेपोचा प्रमुख दारू पितो. हळूहळू फेल्येतोन म्हणजे गाव, खाते आणि बहुधा आडनाव घेऊन केलेली छापील धुलाई, असा अर्थ पक्का झाला, आणि त्यानंतर ‘वृत्ताची दखल घेऊन कारवाई झाली’ अशी टीप छापण्याचीही पद्धत होती. म्हणजे हसवणारा लेख आणि आरोपपत्र यांचे लग्न लागले. इल्फ-पेत्रोवसारख्यांच्या हातात त्यातून उत्तम विनोद निघाला. इतरांच्या हातात काय निघाले याचे उदाहरण म्हणजे २९ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘वेचेर्नी लेनिनग्राद’मध्ये कवी योसिफ ब्रोद्स्कीवर आलेला, त्याला साहित्याच्या आसपास घोंघावणारा ऐतखाऊ ठरवणारा फेल्येतोन. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रोद्स्कीवर ऐतखाऊपणाचाच खटला चालला आणि पाच वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. आपल्या कथेतल्या व्यवस्थापकाला झोप का लागत नाही, हे यावरून कळावे. आपल्याकडे शिवरामपंत परांजप्यांनी ‘काळ’मधून वक्रोक्तीचा जो मारा केला तो याला जवळचा वाटू शकतो, पण शिवरामपंत सत्तेवर लिहीत होते आणि सोव्हिएत फेल्येतोन पुष्कळदा सत्तेच्या वतीने लिहिला जाई, म्हणून ती तुलना मी तळटिपेतही करणार नाही.

बाकीच्या भाषांबद्दल घाईघाईने दोनच गोष्टी सांगते, कारण संग्रहात पुढे त्या येऊ शकतात. सर्बियन ‘फेल्तोन’ कथाही नाही आणि ललितही नाही. एखाद्या ऐतिहासिक घटनेवरची किंवा कोणाच्या आठवणींवरची अनेक भागांची माहितीपर लेखमाला असते. हंगेरियनमध्ये ‘तार्त्सा’ म्हणतात, ज्याचा रोजचा अर्थ पैशाचे पाकीट असा आहे; तिथे कोश नुसता चाळला तर पात्र वर्तमानपत्रात पाकीट छापताना दिसेल.

तर मी काम कसे करते? आधी भाषा पाहते, मग साल पाहते, आणि मग वाक्यातली व्यक्ती त्या गोष्टीचे काय करते आहे ते पाहते: तिथे नोकरी करते, ते लिहिते, त्याची वाट पाहते, की त्याला घाबरते. साल महत्त्वाचे आहे, कारण १८४७ चा रशियन फेल्येतोन आणि १९३५ चा फेल्येतोन यांत नावापलीकडे फार थोडे समान आहे. मूळ शब्द जसाच्या तसा ठेवून तळटीप देणे हा मार्ग मी फक्त एका परिस्थितीत घेते, मजकूर वर्तमानपत्राच्या इतिहासाविषयीच असेल तेव्हा. कथेत परका शब्द वाचकाला थांबवतो, आणि इथे मूळ वाचक थांबलेला नाही. त्याच्यासाठी हा रोजचा शब्द होता. चारही ठिकाणी एकच मराठी शब्द दिसावा हा आपला आग्रह संपादकाचा म्हणून मला समजतो, पण या चार लेखकांनी एकमेकांना वाचलेले नाही, आणि आपला वाचक मूळ शब्दांची जुळणी करत बसणार नाही. प्रस्तावनेत एक परिच्छेद लिहून हा योगायोग सांगता येईल.

आपल्या जर्मन गृहस्थांना मी ‘दैनिकाच्या साहित्य-कला विभागात’ नोकरी देईन. आठवणी १९२० च्या दशकातल्या असतील तर ‘साहित्य-कलेच्या पानावर’, कारण तेव्हा ‘विभाग’ म्हणण्याइतका पसारा असेलच असे नाही. पोलिश लेखिका ‘दर शुक्रवारचे सदर’ पाठवेल. ‘स्तंभ’ म्हणू नका, तो शब्द पुरस्काराच्या मानपत्रात शोभतो, संपादकाला फोन करणाऱ्या बाईच्या तोंडी नाही. रशियन व्यवस्थापकाच्या बाबतीत नाम सोडून द्यावे, क्रियापद धरावे: ‘पेपरात आपली सालटी काढतील’ या धास्तीने त्याला झोप लागत नाही. डॅनिश पत्राबाबत मी दोनदा मत बदलले आहे. मराठीत ‘बहिणीच्या घटस्फोटाचे रामायण चालूच आहे’ हे सर्वांत सहज येते, पण कोपनहेगनमधल्या बाईच्या पत्रात रामायण आले की वाचकाला क्षणभर ती बाई सदाशिव पेठेत दिसते. ‘घटस्फोटाची मालिका’ म्हटले तर एकाहून अधिक घटस्फोट झाल्यासारखे वाटते. मी ‘धाकटीच्या घटस्फोटाचा पुढचा भाग अजून यायचाच आहे’ असे लिहीन. त्यात हप्ता येतो, वाट पाहणे येते आणि बाईंचा वैतागही येतो.